चारशेच्या चारशे पास

शीळफाट्याच्या बसथांब्यावर निवृत्त मुख्याध्यापक महिपतराव रांगेत उभे होते. पुढे उभ्या असलेल्या, एकाच सॉफ्टवेअर कंपनीतल्या दोघा तरुणांचे बोलणे कानी पडत होते, परंतु त्याचा ताळमेळ त्यांना काही केल्या लागेना.

“समीक्षा, आपला प्रोग्राम तपासायला एआय मशीननं चारशे टेस्ट लिहिल्या, चारशेच्या चारशे पास. मंजूर कर आणि मोकळी हो की!”

“राजरत्न, अरे, त्यातली एक मी वाचली. आठ किलोच्या बाळाला तापाचं औषध पन्नास मिली! माझी लेक ओवी तेवढ्याच वजनाची, तिला डॉक्टर पाच देतात.”

“मग ती पास कशी झाली?”

“औषधाचा डोस काढणारा आपला प्रोग्राम पन्नासच सांगतो ना. मशीननं तेच बरोबर धरून टेस्ट लिहिली.”

“म्हणजे पोरानं पेपरात जे लिहिलं, तेच मॉडेल आन्सर!”

“हसू नकोस. संध्याकाळी हा प्रोग्राम हॉस्पिटलला जातोय, माझ्या नावानं.”

“बाकीच्या वाचल्यास?”

“नाही रे. तीनशे सकाळीच मंजूर केल्या.”

“न वाचता?”

“सगळ्यांपुढे पासची हिरवी खूण दिसत होती.”

महिपतरावांना राहवेना. “अगं मुली, दिलेली मंजुरी मागे घेता येते का?”

समीक्षाने मोबाइलवर बोट टेकवले.

“घेतली, काका. आता मशीन मलाच विचारतंय, बरोबर उत्तर काय?”