लिहिता येतं, वाचता येत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले संचालक, व्यासपीठावरच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आप्पा, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या, जागा न मिळाल्यानं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

आप्पांच्या कार्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. आप्पांनी मात्र मला सकाळीच बजावलंय. ‘निवृत्ती म्हणू नकोस, आणि सगळं ठीक होईल असंही म्हणू नकोस.’ आता निरोपाच्या भाषणातून एवढं वगळलं की उरतं काय? घडलं ते उरतं. तेच सांगते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी जरा मागून सुरुवात करते. आपण रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. तिथे यंत्रं अनेक आणि प्रत्येक यंत्राची बोली निराळी. नवं यंत्र आलं की त्याची बोली समजणारा कोड आम्ही हातानं लिहीत बसायचो. तेच ते, तेच ते. कंटाळलेल्या माणसाच्या हातून चुका व्हायच्या, आणि त्या निस्तरता निस्तरता पुढचं यंत्र दारात उभं राहायचं. आप्पांना हे बघवेना. लिहिलेल्या कोडची जुळणी करून चालतं सॉफ्टवेअर तयार करणारं एक साधन असतं, त्याला आम्ही बिल्ड टूल म्हणतो. त्या बिल्ड टूलला आप्पांनी स्वतःचं एक प्लगइन, म्हणजे जादा काम करणारा छोटा प्रोग्राम, जोडलं. यंत्राचं वर्णन एका फाइलमध्ये द्यायचं आणि स्वस्थ बसायचं. जुळणीच्या आधी प्लगइन ते वर्णन घेऊन सगळा कोड आपला आपण लिहून टाकायचं.

आणि लिहायचं तेही किती नेटकं! प्लगइननं लिहिलेल्या ओळींत मोकळी जागा कुठे सुटावी, यावरही आप्पा वाद घालायचे. आम्ही हसायचो. यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेलं, त्याला कशाला हवा नट्टापट्टा? ते म्हणायचे, बिघडलं की वाचायला माणूसच बसणार आहे.

मग ती सकाळ आली. आप्पा माझ्या टेबलाशी आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘माझ्या स्क्रीनला काय झालंय बघ गं. अक्षरं दिसतायत, पण लागत नाहीत.’ मी जाऊन पाहिलं. स्क्रीनला काहीच झालेलं नव्हतं.

दवाखान्यात काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी आप्पांना कागदावर नाव आणि पत्ता लिहायला सांगितला. त्यांनी झरझर लिहिला. डॉक्टरांनी तो कागद क्षणभर उपडा ठेवला, पुन्हा सुलटा करून समोर धरला आणि वाचायला सांगितलं. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, ‘हे कुणी लिहिलंय?’

मेंदूच्या मागच्या बाजूला लहानशी गुठळी झाली होती. बोलणं शाबूत, विचार शाबूत, लिहिणंसुद्धा शाबूत. वाचन तेवढं गेलं. असं होऊ शकतं? मीही नंतर डॉक्टरांना भेटून हेच विचारलं होतं. ते म्हणाले, क्वचित होतं. ज्याच्या वाट्याला आलं त्याला त्या क्वचितचं काय करायचं?

त्याच सुमारास बिल्ड टूलची नवी आवृत्ती येणार असल्याचं कळलं. तिच्यावर आपलं जुनं प्लगइन चालणार नव्हतं. ते नव्यानं लिहायला हवं होतं. आप्पा स्वतः संचालकांना भेटले. म्हणाले, हात चालतात, डोकं चालतं, फक्त डोळे उसने द्या. डोळे म्हणून माझी नेमणूक झाली.

कोपऱ्यातल्या लहान खोलीत आम्ही बसू लागलो. ते टाइप करायचे, मी वाचून दाखवायची. त्यांच्या उजव्या बाजूचं दिसणं कमी झालं होतं, म्हणून मी डावीकडे बसायची. उघडा कंस, बंद कंस, अर्धविराम, पुढची ओळ. चहा आणणाऱ्या काकांना वाटायचं आम्ही पाढे पाठ करतोय. सुरुवातीचे दिवस खरोखर छान गेले. सगळं प्लगइन त्यांच्या डोक्यात घरातल्या खोल्यांसारखं मांडलेलं होतं. मी एखादं नाव उच्चारलं की ते म्हणायचे, हां, ते वर ने, त्याची जागा तिथे नाही. पहिल्या यंत्राचा कोड नव्या प्लगइननं बिनचूक लिहिला, तेव्हा त्यांनी वहिनींना फोन करून सांगितलं. मी तोंड फिरवून बसले होते. माणसाला इतका आनंद झालेला जवळून बघवत नाही.

दुसऱ्या यंत्रापाशी गाडी अडली. एका तपासणीचा आकडा दुसऱ्याच तपासणीच्या रकान्यात जात होता. रुग्णाच्या हातात भलताच रिपोर्ट पडला असता. आप्पा म्हणाले, सगळं पहिल्यापासून वाच. मी वाचलं. म्हणाले, पुन्हा वाच. माझा घसा बसला, पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं. चूक सापडेना.

आमच्या टेस्टर बाई काही विचारायला आत आल्या. माझ्या खांद्यावरून सहज बघत म्हणाल्या, ‘इथे पहिलं अक्षर मोठं आहे आणि खाली लहान, हे मुद्दाम केलंय का?’

मुद्दाम केलेलं नव्हतं. दोन इंग्रजी नावं, एका अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलचा फरक. बिल्ड टूलच्या लेखी ती दोन वेगळी नावं, आणि कानाच्या लेखी एकच. मी बरोबर वाचत होते, ते बरोबर ऐकत होते, तरीही चूक आमच्या दोघांमधून पुनःपुन्हा निसटून जात होती.

बाई गेल्या. आप्पांनी लॅपटॉप मिटला.

‘तिला दिसलं,’ ते म्हणाले. ‘आली आणि दिसलं. मला जन्मभर ऐकवलंस तरी दिसणार नाही.’

मी म्हटलं, प्रत्येक वेळी मोठं अक्षर, लहान अक्षर असं सांगून वाचेन. ते म्हणाले, ‘आणि पुढची चूक कशात असेल, ते तुला माहितेय का?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडत असल्याचं संचालकांना सांगून टाकलं. संचालकांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, हे मी व्यासपीठावरून मुद्दाम नमूद करते. पण ‘थांबून करू काय?’ असं आप्पांनीच विचारलं.

मध्यंतरी त्यांच्या घरी गेले होते. त्यांची मुलगी मोठ्या अक्षरांची कार्डं घेऊन बसली होती. आप्पा प्रत्येक अक्षर बोटानं तळहातावर गिरवत होते. गिरवलं की हाताला कळतं आणि मग तोंडाला. ‘पाऊल’ हा शब्द त्यांनी असा जुळवला. मुलीनं पुढचं कार्ड धरलं, तर म्हणाले, दमलो गं. डॉक्टरांच्या मते यापुढे फारशी सुधारणा नाही. वहिनींनी जिन्यात मला थांबवून सांगितलं की घरी येणारा प्रत्येक जण धीर देऊन जातो, आणि तो गेल्यावर हे तासन्‌तास बोलत नाहीत. तुम्ही या, पण धीर देऊ नका.

वहिनी, मी देत नाहीये.

अशा प्रसंगी वक्ते म्हणतात, माणूस जातो पण त्याचं काम मागे राहतं. आप्पांच्या बाबतीत तेही खरं नाही. कंपनीनं तयार प्लगइन विकत घ्यायचं ठरवलंय. निर्णय योग्यच आहे, मीही त्या बैठकीत मान डोलावली. येत्या आवृत्तीत आप्पांचं प्लगइन निघेल, आणि त्यानं लिहिलेला तो नेटका कोडही निघेल. ते काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. दुसरं कुणी हात लावण्यापेक्षा बरं, म्हणून मी नाही म्हटलं नाही.

आप्पांना हे ठाऊक आहे. मघाशी वर येताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘काढून झालं की एक फोन कर.’ मी करीन. ‘झालं’ एवढं सांगेन. त्यापुढे काय बोलायचं, ते मला आज इतका वेळ बोलूनही सापडलेलं नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.