आयुधपूजा आणि अंड्याचा वास

अंड्याचं नाव काढलं की मला अजून घाम फुटतो, त्याचं कारण ऐका. मुलानं राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी घेतली आणि इथं मळमड्डीत आमच्या घरामागच्या शेडमध्ये ठेवून बेंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, "अप्पा, बॅटरी उतरू देऊ नका." म्हणून मी पावसाळाभर चार्जर बंदच केला नाही.

दसऱ्यात आयुधपूजेला, गाडी पुजायला, आमची ही आरतीचं ताट घेऊन त्या बंद गाडीत चढली. मी दारात मुलाशी फोनवर बोलत होतो.

"अहो, आत कुजक्या अंड्याचा वास येतोय. आपल्याकडं अंडी कुठनं आली? थांबा, कापूर लावते, वास जाईल."

फोनवर मुलानं ते ऐकलं. मग हळूच म्हणाला, "अप्पा, आईच्या हातात काय आहे?"

"काडेपेटी."

"काडी ओढू देऊ नका. जास्त चार्ज होऊन बॅटरीचा गॅस आत साठलाय. ठिणगी पडली तर गाडी उडेल."

मी काही न सांगता तिचा हात धरला आणि तिला खाली ओढलं.

"आत चोरून अंडी तुम्हीच खाल्लीत ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. खरं कळलं असतं तर तिनं मुलाला त्या गाडीत कधी बसू दिलं नसतं.

आजही ती देवापुढं काडी ओढायला लागली, की मी आधी वास घेऊन बघतो.