बाबांचा चढलेला आवाज

परवा मी ऑफिसातून जसा पळत सुटलो, तसा कॉलेजातही कधी पळालो नव्हतो! आई गेल्यावर बाबांना कराडहून तांबरमला आणलं खरं, पण तमिळ येईना, ओळख कुणाची नाही. दिवसदिवस गप्प असायचे. शेवटी डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आणला, तसाच एक कराडला त्यांच्या मित्राला, वसंतकाकांना पाठवला. तो घातला की दोघं समोरासमोर बसल्यासारखे कॅरम खेळतात.

परवा दुपारी बाबा फोन उचलेनात. शेजारच्या मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बेल वाजवली, दार उघडत नाहीत. आतून ओरडणं ऐकू येतंय."

मी तसाच ऑफिसातून धावत सुटलो. घरी येऊन किल्लीनं दार उघडलं, तर बाबा हेडसेट घालून हवेत बोट नाचवत होते. "वश्या, रडीचा डाव खेळू नकोस लेका!"

चार महिन्यांत त्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मटकन खाली बसलो.

"बाबा, अहो, जीव गेला असता माझा!"

हेडसेट वर सरकवून ते म्हणाले, "मग पाणी पी. पण मध्ये बोलू नकोस, राणी अजून बोर्डावर आहे."