डेमो सॉफ्टवेअरवरचं हळदीचं गाणं

तुम्ही आता बटण दाबून गाणी सेव्ह करता, आमची तेव्हाची धावपळ तुम्हाला काय कळणार? अठ्ठ्याण्णव साल असेल. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत नवा कॉम्प्युटर होता आणि त्यात गाणी जोडायचं सॉफ्टवेअर, फुकटचं. म्हणजे डेमो. सगळं करू द्यायचं, फक्त सेव्ह करू द्यायचं नाही. गाणं जमलं की लगेच वाजवून कॅसेटवर उतरवायचं. त्याआधी कॉम्प्युटर बंद पडला, तर गाणं गेलं.

कोलशेतचे हरीकाका मुलीच्या हळदीचं गाणं करायला बहिणीला, म्हणजे नवरीच्या आत्याबाईंना, घेऊन आले. हळद त्याच संध्याकाळी. आणि वार शुक्रवार, दर शुक्रवारी सकाळी दहाला आमची वीज जायची.

आत्याबाई फर्मास गायल्या. पण काका सारखे, "ढोलकी अजून वारव रं!" मी वाढवतोय, घड्याळात दहाला पाच कमी आणि गाणं साडेपाच मिनिटांचं!

"काका, पुरे! आता टेप करू द्या."

"घाम कनाला आलाय तुला?"

मी हेडफोन लावून टेप सुरू केला. शेवटच्या कडव्यात, अर्ध्या ओळीवर, वीज गेली. काकांनी कॅसेट काढून खिशात टाकली. "जालं ना?"

"झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मी हळदीला गेलो, तर आमच्या गाण्यावर मांडव नुसता नाचत होता. गाणं कचकन थांबलं. दोनशे माणसं हात वर करून तशीच उभी. काका थेट माझ्यासमोर आले.

"गाना मधीच बंद कसा परला रं?"

"काका, याला डिजिटल म्हणतात."

काकांनी कॅसेट आणून माझ्या हातात ठेवली. "मंग दुसरी बाजू पन डिजिटल करून दे."