पाणी भरून झाल्यावरची शाळा

सभ्य गृहस्थहो, आणि बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या मातांनो,

आरंभीच एक गंभीर तक्रार करतो. ही सभा वेळेवर सुरू झाली! आपल्या या लष्कर शहरात सभा वेळेवर सुरू होण्याला कोणताही शास्त्राधार नाही. उशीर गृहीत धरून भाषणाची जुळवाजुळव मी इथेच बसून करणार होतो. ती संधी गेली.

तात्या हेडमास्तर गेले. कन्याशाळा त्यांनी उभी केली. मी तिथला संस्कृतचा शास्त्री. त्यांचं तेरावंही झालं नाही, तोच कानावर आलं, की कमिटी शाळेची वेळ बदलणार. दुपारची शाळा सकाळची करणार. मुलांच्या शाळेसारखी. का, तर शिस्त!

म्हणून आज मी रडणार नाही. वेळापत्रकाबद्दल बोलणार आहे. तात्यांना तेच आवडलं असतं.

शाळा आधी सकाळचीच होती हो! मी हजेरी घ्यायला बसायचो, आणि 'हजर' म्हणायला कोणी नसायचं. मग तात्या गल्लोगल्ली निघाले. मागे मी. शिलेदारांच्या घरच्या एक बाई दारातच कडाडल्या, "मास्तर, पोरगी तुमच्याकडे धाडली तर विहिरीवर कोण जाईल? तुम्ही?"

मी म्हटलं, "बाई, विद्या ही..."

"शास्त्रीबुवा, चूप." तात्यांनी मला कोपर मारलं आणि बाईंना विचारलं, "पाणी भरून कधी होतं?"

बस्स! दारोदार एवढंच विचारलं, आणि उत्तरांवर वेळापत्रक बांधलं. पाणी झालं, चूल विझली, की घंटा. पण त्यानंतर सवलत नाही! मुलगी आली नाही, तर संध्याकाळी तात्या तिच्या दारात. "आता काय राहिलं होतं, बाई?"

एकदा शाळाखात्याचे साहेब सकाळीच आले. वर्ग रिकामे. "मास्टरजी, स्कूल कहाँ है?"

तात्या म्हणाले, "स्कूल पानी भर रहा है, साहब. तशरीफ रखिए."

मी घाईघाईने खुर्ची पुढे केली. मनात देवाचा धावा. साहेब बसले, रागातच बसले. आणि घंटा झाली! काय सांगू तुम्हाला! गल्लीतून मुली धावत आल्या. परकरांचे काठ ओले, एकीच्या हाताला अजून कणीक! वर्ग भरले. ओसरी भरली. साहेबांना खुर्ची मागे सरकवावी लागली!

"अजीब स्कूल है," साहेब म्हणाले.

"जी. लेकिन भरा हुआ है."

गृहस्थहो, कमिटी उद्या बसते आहे. पडद्यामागच्या मातांनो, आज घरी गेल्यावर बोला. पाणी कधी भरून होतं, हे आपापल्या यजमानांना एकदा सांगा. त्यांना खरंच ठाऊक नाही.

आता उभे राहू या. तात्यांना हात जोडू या, आणि क्षणभर कोणी काही बोलू नये. त्याआधी माझं एकच सांगतो, विनोद बाजूला ठेवून. माझी धाकटी याच शाळेत शिकते. आमच्याकडे पाण्याला गडी आहे. ती सकाळीही जाईल. बाकीच्या येणार नाहीत. आणि एका मुलीसाठी कोणी शाळा चालवत नाही. मला त्याची भीती वाटते.