सलाइनचं चाक

अर्धी उरली म्हणून माझ्याकडे काय बघताय सिस्टर? बाटली लावली तुम्ही, वेग ठेवला तुम्ही — आणि जाब मी द्यायचा? उलट मीच विचारते, ती काळ्या पिशवीत झाकून का ठेवता? उजेडानं औषध बिघडतं — हो, कालच्या सिस्टरही हेच म्हणाल्या, अगदी याच शब्दांत, पढवून पाठवल्यासारख्या! झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी तुमची ही झाकली बाटली. आत नुसतं पाणी असलं तरी आम्हाला कसं कळायचं?

कळतं म्हणा. पाणी असतं तर हे असे थरथरले नसते. दात वाजतात हो, पलंग हलतो — मी दोन्ही खांदे दाबून धरते. नाकातली बुरशी मारायला अख्खा माणूस हलवायचा? मोठे डॉक्टर म्हणतात, धडधाकट माणसाच्या नाकात ही शिरते नि शिंकेसरशी बाहेर पडते. पण यांची प्रतिकारशक्ती म्हणे डॉक्टरांनीच औषधांनी निजवून ठेवलीय, बसवलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून. आणि किडनी कुणाची? माझी. डावी. परवा दाराबाहेर तेच डॉक्टर त्या लहान डॉक्टरीणबाईंना सांगत होते — माझे कान तिखट आहेत — ‘या औषधानं किडनीवर ताण येतोय, पण इलाज नाही.’ इलाज नाही! डॉक्टरांचं काय जातंय? माझ्याकडे द्यायला आता दुसरी नाही.

म्हणून जरा हळू... हळू म्हणजे, तुम्ही बाहेर गेलात की थरथर थांबेपर्यंत — अहो, ते नळीवरचं चाक हाताशीच असतं, बोटानं फिरतं — नेहमी नाही! थांबवते, मग पुन्हा उघडते. कधी राहूनही जातं. मग तुम्ही यायच्या आत उरलेलं बेसिनमध्ये — आज लवकर आलात तुम्ही.

असं काय बघताय? चाकाचा नि यांच्या डोळ्याचा काय संबंध? सकाळी डॉक्टर म्हणाले, बुरशी डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचली, पूर्ण डोस जातोय तरी दाद देत नाही, संध्याकाळी डोळा काढायच्या सहीला तयार राहा. मी मनात म्हटलं, बघा, औषधच खोटं निघालं —

पूर्ण डोस जातोय, म्हणाले ते.

सिस्टर, फोन ठेवा खाली. ठेवा म्हणते ना — नको, करा. बोलवा डॉक्टरांना. सही घ्यायच्या आत बोलवा. आणि माझी ही खुर्ची तिकडे सरकवा — पार भिंतीपाशी, चाकापासून लांब.