राणीचं पूर्ण नाव

हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीपुढे, रांगेत माझ्या पुढे दोघी जावा.

“वरची खोली त्या लोकांना द्यायची नाही म्हणजे नाही.”

“जाऊबाई, हळू बोला.”

“का? मी कुठे भेदभाव करते? राणी त्यांच्यातलीच आहे ना? तिलाच तर बघायला आलोय. ऑफिसात जन्मभर एका डब्यात जेवलो आम्ही.”

“राणीबाईंनी कधी मागितली नाही खोली?”

“लेकीसाठी मागितली होती. म्हटलं, नाही जमायचं; तुझं वेगळं गं, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.”

“मग?”

“हसली.”

“पुढे या. पेशंटचं नाव?”

“राणी.”

“या नावाचं कुणी नाही. पूर्ण नाव सांगा.”

“सगळे राणीच म्हणायचे…”

“जाऊबाई, आठवा ना.”

“खऱ्या नावाला माझी जीभ वळेना, म्हणून मीच राणी ठेवलं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं गं तिनं. दोनदा सांगितलं होतं.”